गोळी कोणती होती?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कविसंमेलनात मी एक कविता वाचली. तिच्यात जंगल होतं, पाणवठा होता, एक सांबर होतं आणि मचाणावर बसलेला शिकारी. शेवटच्या कडव्यात शिकारी गोळी झाडतो आणि सांबर जागच्या जागी कोसळतं. टाळ्या पडल्या, मी खूश झालो. पहिल्याच रांगेत माझे मामू बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. परतताना एसटीत खिडकीशी बसून त्यांनी मला विचारलं, "गोळी कोणती होती?"

मी म्हटलं, "मामू, कवितेतली गोळी ती. गोळी म्हणजे गोळी."

"गोळी म्हणजे नुसती गोळी नसते, बेटा. मऊ टोकाची होती की कडक? किती ग्रेनची? सांबर किती हातांवर होतं? तू जागच्या जागी कोसळलं म्हणतोस, म्हणून विचारतो."

मामू घरात आमची वऱ्हाडी उर्दू बोलायचे, मी मराठीत सांगतोय एवढंच. तरुणपणी त्यांनी परवाना काढून शिकार केली होती. त्या काळी वनखातं जंगलाचे ब्लॉक पाडून शिकारीचे परवाने देत असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे ते सगळं थांबलं. थांबलं ते बरंच झालं, हे माझं मत आहे आणि मामूंचंही तेच होतं. तेव्हा आजचं हे बोलणं कुणाला शिकारीला धाडण्यासाठी नाही. आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. पण त्या एसटीच्या प्रवासात मामूंनी जे सांगायला सुरुवात केली, ते पुढे मी वाचत गेलो, विचारत गेलो. आणि माझ्या लक्षात आलं, की काडतूस निवडणं म्हणजे समोरचं जनावर कसं मरणार हे निवडणं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण बोलताना गोळी आणि काडतूस यांत फरक करत नाही. काडतूस म्हणजे सगळा ऐवज. पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा दाबला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. रायफलच्या नळीला आतून पीळदार आटे असतात. त्यांतून जाताना गोळी भोवऱ्यासारखी फिरू लागते आणि म्हणूनच ती सरळ जाते. साध्या बाराबोर बंदुकीला असे आटे नसतात. (बाराबोर म्हणजे काय, तर ज्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, त्या मापाची नळी. हे मला चाळिशीत कळलं.)

रायफलचे आकडे जास्त फसवे. .२७५, .३१५, .४७० हे इंचाचे भाग, साधारणपणे नळीच्या किंवा गोळीच्या व्यासाचे. पण .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकी सैन्याने ते काडतूस स्वीकारलं ते वर्ष. .४५०/४०० म्हणजे .४५०चं नळकांडं तोंडाशी आवळून त्यात .४०० ची गोळी बसवलेली. आणि ७ बाय ५७ म्हणजे सात मिलिमीटरची नळी आणि ५७ मिलिमीटर लांबीचं नळकांडं. जर्मनीच्या माउझरचं हे काडतूस १८९२चं. इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने त्यालाच .२७५ म्हणून विकलं. एकच वस्तू, दोन नावं. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे मोठं काडतूस, असं सरळ गणित इथे चालत नाही.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ही भाषा परकी वाटते, पण आपल्या सराफांना ती परकी नाही. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा ठरवला. .३०-०६मध्ये १८० ग्रेनची गोळी नेहमी वापरतात, म्हणजे ती बरोबर एक तोळ्याची. .२७५ ची नेहमीची गोळी १४० ग्रेनची, पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. मामू म्हणायचे, "तोळाभर शिशाने पाच मणांचं जनावर पडतं. पण तोळाभर सोन्याइतकाच विचार करून ते खर्चावं लागतं."

ही पाऊण तोळ्याची गोळी नळीतून सेकंदाला आठशे मीटरच्या वर वेगाने निघते. तिची ऊर्जा भरते सुमारे तीन हजार ज्यूल. ज्यूल म्हणजे काय ते असं समजा: शंभर किलोचं ज्वारीचं पोतं तीन मीटर उंच माळ्यावरून खाली पडलं तर जेवढा दणका बसेल, तेवढी. हत्ती-गव्यांसाठी बनवलेल्या .४७० ची गोळी पाचशे ग्रेनची, तिची ऊर्जा जवळपास सात हजार ज्यूल. आणि पोरं डबे पाडायला वापरतात त्या .२२ची जेमतेम दीडशे. म्हणून .२२ने हरणावर गोळी झाडणं ही क्रूर गोष्ट आहे. हरीण मरतं, पण केव्हा आणि कुठे, ते झाडणाऱ्याला कळतही नाही.

सिनेमात गोळी लागली की माणूस चार हात मागे उडतो. ते खोटं. गोळी जनावराला जेवढं ढकलते, जवळपास तेवढंच बंदूक झाडणाऱ्याच्या खांद्याला ढकलते. जनावर उडायला लागलं, तर शिकारीही उडेल. गोळी धक्क्याने मारत नाही. ती आत शिरून हृदय, फुप्फुसं, मोठ्या रक्तवाहिन्या फाडते, रक्त जातं आणि मेंदूचा प्राणवायू तुटतो. चितळाच्या बाबतीत ही मर्माची जागा जेवणाच्या ताटलीएवढी. एवढ्या जागेत गोळी गेली आणि आत जाऊन तिने पुरेसं काम केलं, तर जनावर काही सेकंदांत संपतं. ताटली चुकली, तर सात हजार ज्यूलही फुकट.

मग "पुरेसं काम" कसं होतं? इथे मामूंच्या प्रश्नातला तो मऊ-कडकपणा येतो.

सैन्याच्या गोळीला टोकापर्यंत धातूचं आवरण असतं. ती जनावरातून सुईसारखी आरपार जाते. भोक लहान, रक्त थोडं, आणि बरीचशी ऊर्जा पलीकडच्या झाडात. शिकारीच्या गोळीचं टोक मात्र उघडं, मऊ शिशाचं ठेवतात. शरीरात शिरताच ते टोक चेपतं, आवरण मागे उलटतं आणि गोळी अळंबीसारखी फुलते. व्यास दुपटीच्या आसपास होतो. जखम रुंद, मरण लवकर.

अशी फुलणारी गोळी आपल्याच देशात बदनाम झाली. कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात इंग्रजांनी .३०३ रायफलसाठी ती बनवली, सरहद्दीवरच्या लढायांसाठी. जगभर ओरड झाली आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या न वापरण्याचा जाहीरनामा निघाला. आता गंमत पाहा. जी गोळी माणसावर झाडायला मनाई, तीच हरणावर झाडायची सक्ती. इंग्लंडच्या १९९१च्या हरीण कायद्यात लिहिलं आहे, की गोळी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाचीच हवी. मोठ्या हरणांसाठी रायफलचा व्यास .२४० इंचापेक्षा कमी नको आणि ऊर्जा १,७०० फूट-पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूलपेक्षा कमी नको. जर्मनीचा कायदा आणखी काटेकोर. तिथे ऊर्जा नळीच्या तोंडाशी न मोजता शंभर मीटरवर मोजतात, कारण जनावर नळीच्या तोंडाशी उभं नसतं. लहान रो हरणासाठी किमान एक हजार ज्यूल. त्याहून मोठ्या जनावरांसाठी किमान दोन हजार, शिवाय साडेसहा मिलिमीटरचा व्यास.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला विसंगत वाटलं. मग कळलं, की दोन्हींमागे दुःख कमी करण्याचाच हेतू आहे. सैनिक जखमी होऊन लढाईबाहेर गेला की काम झालं, त्याला उचलून न्यायला माणसं असतात, इस्पितळ असतं. जखमी सांबराला कोणीही नसतं.

ते सांबर मामूंचंच. एसटी वणीच्या फाट्यावर थांबली तेव्हा त्यांनी ते सांगितलं. परवान्यावरची शिकार होती. रायफल एका मालगुजाराकडून मागून आणलेली. मऊ टोकाची काडतुसं संपली होती, डब्यात उरली होती ती कडक टोकाची. परवान्याचे दोनच दिवस बाकी. भागेल, असं त्यांना वाटलं. पहाटे पाणवठ्यावर मोठं शिंगाडं आलं. साठ-सत्तर हातांवर. मामूंनी खांद्यामागे नेम धरला, गोळी लागलेली दिसली. सांबर दचकलं, वळलं आणि चालत झाडीत गेलं. पळालंही नाही, चालत गेलं. रक्ताचे थेंब एक फर्लांगभर सापडले, मग तेही बंद.

आमच्यात शिकारीला जाताना कमरेला सुरी असते. अल्लाचं नाव घेऊन गोळी झाडायची आणि जनावरात धुगधुगी असताना पोचून जिबह करायचं. गोळीने मेलेलं जनावर हलाल की नाही, यावर उलेमांनी पुष्कळ खल केला आहे. त्याचं मूळ फार जुनं. हदीसमध्ये अदी बिन हातिम पैगंबरांना मिअराद नावाच्या, पात्याविनाच्या बाणाबद्दल विचारतात. उत्तर असं, की टोकाने भोसकून मेलं तर खा, आडव्या दांड्याच्या माराने मेलं तर खाऊ नका. बंदूक आल्यावर प्रश्न उभा राहिला, की गोळी भोसकते की चेचते? आपल्याकडच्या हनफी उलेमांचा कल बहुतेक असा, की ती दणक्याने मारते, म्हणून जिबह केल्याशिवाय जनावर हलाल नाही. इतर काही विद्वानांनी ती भोसकते असं मानून परवानगी दिली. तपशिलात मी शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. पण गोळी आत जाऊन नक्की करते काय, हाच प्रश्न बंदूक बनवणारे कारागीर आणि मदरशातले मौलवी दोघंही सोडवत होते, याचं मला नवल वाटतं. मामूंसाठी त्याचा अर्थ साधा होता: जनावर नजरेच्या टप्प्यात पडायला हवं. नाही पडलं, तर ते हातचंही जातं आणि हरामही होतं.

जखमी जनावर सोडून देण्याची किंमत कधी कधी भलतीच माणसं मोजतात. जिम कॉर्बेटचं नाव आपल्याला ठाऊक आहे. १९०७ साली त्यांनी कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिने ४३६ माणसं मारल्याची नोंद आहे. मेल्यावर तिचं तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कारण जुनी बंदुकीची जखम. नेहमीची शिकार पकडणं तिला जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली, असं कॉर्बेट लिहितात. कुणीतरी एक चुकीचा बार टाकला होता.

त्याच शिकारीतली दुसरी गोष्ट मला जास्त भावते. कॉर्बेट .५००ची जड रायफल घेऊन गेले होते आणि बरोबर काडतुसं फक्त तीन. फार तर दोन झाडायला, एक अडीअडचणीला, हा त्यांचा हिशेब. तिन्ही संपली आणि जखमी वाघीण अजून उभी. शेवटी धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक आणावी लागली, तीही अशी की नळ्या आणि खटका यांच्यामध्ये फट पडलेली. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याचाही हिशेब चुकतो. त्या वाघिणीबद्दल सरकारकडून त्यांना बक्षीस मिळाली ती रिग्बीची .२७५, पाऊण तोळ्याची गोळी झाडणारी हलकी रायफल. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी .२७५ नेच मारला. त्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली होती. वाघासाठी त्यांच्याकडे .४५०/४००ची दुनळी रायफलही होती. पण डोंगरात दिवसभर मैलोन्‌मैल चालायचं, तर हलकी रायफल हाती असलेली बरी, आणि खांद्याला धक्का कमी बसत असला तर नेम हलत नाही. धक्क्याची धास्ती असलेला माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. मामू म्हणायचे, की जहागीरदारांच्या पोरांची अर्धी जनावरं या डोळे मिटण्याने जखमी झाली.

याचं दुसरं टोकही आहे. वॉल्टर बेल नावाचा स्कॉटिश शिकारी. आफ्रिकेत हस्तिदंतासाठी त्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच .२७५ने. हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो, हे तो शिकला होता. हत्तीसाठी मऊ टोक चालत नाही. हाडाच्या जाळीतून आत जायला कडक गोळीच लागते. म्हणजे सांबरासाठी जे चूक, ते हत्तीसाठी बरोबर. बेलचं कसब खरं असेल, पण हा माणूस मला आवडत नाही. हजार हत्ती, आणि कशासाठी? पियानोच्या पट्ट्या नि बिलियर्डचे चेंडू.

काडतूस नेहमी जनावर पाहूनच निवडलं जातं, असंही नाही. पुष्कळदा ते पोलीस पाहून निवडलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान सरकारने .४५० व्यासाच्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी केली. सैन्यातून निघालेल्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या, त्यांना दारूगोळा मिळेल ही भीती. मग विलायतेतल्या कारागिरांनी .४५०च्या जरा वरची नवी मापं काढली: .४६५, .४७०, .४७५. वाघ तोच, गवा तोच, माप तेवढं बदललं. स्वातंत्र्यानंतरही तोच विचार राहिला. .३०३ हे सैन्याचं माप, ते सामान्य परवानाधारकाला वर्ज्य. त्याच्या हाती आली .३१५. ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाचं हे देशी रूप. रायफल बंगालमधल्या इशापूरची, काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं. ज्या जंगलांसाठी ते माप ठीक होतं, तिथली शिकार १९७२च्या कायद्यानंतर थांबली. आता उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत "३१५ बोर का कट्टा" एवढ्यापुरतं ते नाव रोज छापून येतं.

अलीकडे या निवडीत आणखी एक गोष्ट आली आहे. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात. शिकाऱ्याने टाकून दिलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात आणि शिशाच्या विषाने मरतात. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांचे असेच बळी गेले. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा पूर्ण बंद आहे, तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीचे आटे जास्त पिळाचे लागतात. म्हणजे गिधाडासाठी गोळी बदलली, तर बंदूकही बदलावी लागू शकते.

आपल्या कायद्यातही एक दार किलकिलं आहे. एखादा वाघ-बिबट्या माणसाच्या जिवाला धोका ठरला आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नाही, असं मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणांसह लिहून दिलं, तरच त्याला मारता येतं. अशा वेळी ज्याच्या हातात रायफल देतात, त्याला काडतुसाचं हे सगळं गणित पाठ हवं. मात्र विदर्भात आज जी जनावरं हकनाक मरतात, त्यांतली कितीतरी काडतुसाने मरतच नाहीत. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केलं, की शेताच्या कुंपणाला चोरून वीज सोडतात, नाहीतर गावठी बॉम्ब ठेवतात. तारेला डुक्कर चिकटतं, वाघ चिकटतो, कधी शेजारचा शेतकरीही. शेतकऱ्याचं दुःख मला ठाऊक आहे, आमच्याही घरी शेती आहे. पण तिथे निवड अशी कुणी केलेलीच नसते.

मामू आता नाहीत. त्या सांबराला शोधायला ते मालगुजाराच्या माणसांना घेऊन दिवस-दिवस फिरले, हे मला त्या एसटीत कळलं. ते सापडलं ओढ्याच्या काठी, वर गिधाडं घिरट्या घालत होती म्हणून. गोळी फुप्फुसाच्या मागून, पोटातून आरपार गेली होती. भोक करंगळीएवढं. मामूंनी रायफल परत केली आणि उरलेल्या परवान्यावर ते गेले नाहीत.

मी कविता दुरुस्त केली. सांबर आता कोसळत नाही, चालत जातं. तीन दिवस चालत राहतं आणि शेवटी पाण्याशी येतं. ईदच्या दिवशी मामूंना वाचून दाखवली. डोळे मिटून त्यांनी ऐकली आणि म्हणाले,

"दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला सापडलं, तेव्हा ते थंड झालेलं होतं."